पुण्यातील युवा राष्ट्रकुल स्पर्धा आणि ‘कुमार’ ह्या संज्ञेचा इतिहास

२००८ सालच्या १२ ते १८ ऑक्टोबर ह्या काळात पुण्यात तिसरी युवा राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरली. तत्पूर्वीच्या दोन स्पर्धा एडिंबरो (२०००) व बेंडिगो (२००४) येथे झाल्या होत्या. एकाहत्तर देशांचे खेळाडू, नऊ क्रीडाप्रकार आणि भारताची ३३ सुवर्णपदके एवढा तपशील बहुतेकांच्या स्मरणात असतो. आणि दिल्लीच्या २०१० सालच्या राष्ट्रकुल स्पर्धेची ती रंगीत तालीम होती, असे म्हणून हा विषय सामान्यतः मिटविला जातो. तथापि इतिहासाच्या अभ्यासकास ह्या स्पर्धेत वेगळाच प्रश्न दिसावा. बालेवाडीच्या धावपट्टीवर उभ्या राहिलेल्या प्रत्येक मुलामुलीचे वय कागदावर सिद्ध झालेले होते. ज्या शहरात आधुनिक भारतीय धावण्याच्या इतिहासाचा आरंभ झाला, तेथे त्या आरंभकाळी वय हा विचारण्याचा विषयच नव्हता.

हा आरंभ म्हणजे डेक्कन जिमखान्याच्या १९१९ सालच्या मैदानी शर्यती. १९०६ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेचे अध्यक्षपद त्या वेळी सर दोराबजी टाटा ह्यांच्याकडे होते. पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी ह्या शर्यतींची हकीकत दिली आहे. धावणारे शेतकरी वर्गातील होते. शेतात राबणारे, निकृष्ट अन्नावर वाढलेले, पाश्चात्य नियमांची अथवा शिक्षणाची गंधवार्ताही नसलेले. खडीच्या व मातीच्या रस्त्यांवरून ते अनवाणी धावले, आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत पहिल्या काही जणांनी नोंदविलेली वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळेशी तुलना करण्याजोगी ठरली. ह्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला खेळाडू पाठविण्याची कल्पना निघाली. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्या मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले.

टाटांच्या पत्रात ह्या धावपटूंसाठी ‘मुलगे’ ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे. तो वाचून ही कुमारांची स्पर्धा होती असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्या काळच्या इंग्रजीत, विशेषतः हिंदुस्थानातील इंग्रजीत, हा शब्द वयापेक्षा दर्जा अधिक सांगे. घरगड्यासही तोच शब्द लावीत. त्या धावपटूंत सोळा वर्षांचे किती आणि पंचविशीचे किती, हे त्या शब्दावरून कळत नाही. आणि त्या वेळी त्याची आवश्यकताही कोणास वाटली नसावी. अंतर एक, रस्ता एक, जो आधी पोहोचेल तो पहिला, एवढाच नियम होता.

वयोगटांची कल्पना नंतर आली, आणि तिच्याबरोबर मराठीतील शब्दांचा गोंधळही आला. बाल, किशोर, कुमार, युवा, तरुण हे शब्द आपल्या भाषेत पूर्वीपासून आहेत, परंतु त्यांच्या सीमा संख्येने बांधलेल्या नव्हत्या. मिसरूड फुटू लागलेला तो कुमार, असे नजरेने ठरविण्याची रीत होती. क्रीडासंघटनांनी ह्या शब्दांस आकडे चिकटविले. कबड्डीत किशोर गट सोळा वर्षांपर्यंतचा आणि कुमार गट विसांपर्यंतचा ठरला. जागतिक मैदानी स्पर्धांतही असाच भेद झाला: १९८६ साली अथेन्स येथे सुरू झालेली स्पर्धा विसांखालील खेळाडूंची, तर १९९९ साली बिडगोश्च येथे सुरू झालेली अठरांखालील. पुण्यातील स्पर्धेची मर्यादा अठरांचीच होती. तिचे नाव मात्र मराठीत ‘युवा’ झाले. परिणामी अठरा वर्षांचा धावपटू ‘युवा’ आणि वीस वर्षांचा कबड्डीपटू ‘कुमार’ अशी उलटी चढण भाषेत तयार झाली. कोशकारांनी ह्याकडे लक्ष दिल्याचे दिसत नाही. (‘मैदानी’ ह्या शब्दाचीही तीच अवस्था आहे. खो-खोही मैदानीच आणि भालाफेकही मैदानीच.)

शब्दांचा हा गोंधळ निरुपद्रवी आहे. वयाचा तसा नाही. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा अखिल भारतीय कायदा १९६९ सालचा. त्यानंतरही ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घकाळ मुलाची जन्मतारीख ठरे ती शाळेच्या दाखल्याच्या दिवशी. जूनमध्ये शाळा उघडत, पालकांस तिथी आठवे परंतु तारीख आठवत नसे, आणि गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. एका पिढीतील असंख्य मराठी माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो तो ह्यामुळेच. गुरुजींच्या लेखणीत कपट नव्हते. पण जेव्हा ह्याच दाखल्यावर पदक, शिष्यवृत्ती आणि नोकरीतील राखीव जागा अवलंबून राहू लागल्या, तेव्हा एकदोन वर्षे कमी लिहून घेण्याचा मोह पालकांस व प्रशिक्षकांस होऊ लागला, आणि त्याची झळ पोहोचली ती खऱ्या वयाने धावणाऱ्या मुलास. सतरा वर्षांचा म्हणून उभा राहिलेला वीस वर्षांचा तरुण पंधरा वर्षांच्या मुलाला मागे टाकतो; ते मूल आपल्यात गुण नाही असे समजून पुढच्या हंगामात मैदानावर येतच नाही.

केंद्र शासनाने वयाच्या लबाडीविरुद्ध राष्ट्रीय संहिता केली ती पुण्याच्या स्पर्धेनंतर, २०१० साली. त्यानंतर डाव्या हाताच्या व मनगटाच्या हाडांचे क्ष-किरणचित्र घेऊन हाडांच्या पक्वतेवरून वय अजमावण्याच्या पद्धतीचा वापर वाढत गेला. दाखल्यापेक्षा हाड अधिक खरे बोलते हे मान्य केले पाहिजे. परंतु ते तारीख सांगत नाही, वाढ सांगते. आणि सर्व मुलांची वाढ एका गतीने होत नाही. लवकर वयात येणारी मुलगी प्रामाणिक दाखला हाती असूनही गटाबाहेर पडू शकते.

२०१३ च्या जुलैत ह्याच बालेवाडीत आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धा झाली. विकास गौडा ह्यांनी थाळीफेकीत, आणि स्त्रियांच्या संघाने ४ × ४०० मीटर रिले शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. ती प्रौढांची स्पर्धा होती. तेथे अठरांची वा विसांची वरची मर्यादा नव्हती, आणि म्हणून जन्मतारखेचा वादही नव्हता. ह्या एका बाबतीत ती २००८ पेक्षा १९१९ च्या अधिक जवळची होती.