थंड हवा, वाढीव ताकद

पेट्रोल इंजिनाची शक्ती सिलिंडरमध्ये किती हवा शिरते यावर अवलंबून असते. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. थंड हवा अधिक घन असते. बॉनेटखालील ६० अंश सेल्सिअस तापलेल्या हवेऐवजी बाहेरची ३० अंशांची हवा घेतल्यास तेवढ्याच जागेत सुमारे १० टक्के अधिक हवा मावते. ‘कोल्ड एअर इनटेक’ या सुधारणेचे तत्त्व हेच. यात रुंद, गुळगुळीत नळी बसवून फिल्टर इंजिनाच्या उष्णतेपासून दूर नेला जातो. उघडा फिल्टर बॉनेटखालीच ठेवला, तर आवाज वाढतो; ताकद मात्र घटू शकते.

मूळ रचनाही बहुधा बाहेरचीच हवा घेत असल्याने प्रत्यक्ष लाभ मर्यादित असतो. २००५ सालच्या फोर्ड मस्टँग जीटीचे ४.६ लिटरचे व्ही-८ इंजिन ३०० अश्वशक्तीचे होते. या गाडीत हवा मोजणारा सेन्सर इनटेकमध्येच असतो. नळीचा व्यास वाढला की हवेचे मोजमाप कमी भरते, पेट्रोल अपुरे पडते आणि इंजिनाला इजा पोहोचू शकते. अशा वेळी इंजिनाच्या संगणकाचे नव्याने ट्यूनिंग अनिवार्य ठरते.

फिल्टर फार खाली असल्यास साचलेले पाणी आत ओढले जाते. पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतात. कॅलिफोर्नियात रस्त्यावरील गाडीसाठी अशा संचाला तेथील हवा मंडळाची मान्यता लागते. थोडक्यात, नळीइतकेच महत्त्व तिच्या जागेला व ट्यूनिंगला आहे.