गंजिफा : चित्र आणि खेळ

दशावतारी गंजिफेच्या जोडांत १२० वाटोळीं पानें असतात : मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, आणि प्रत्येकांत राजा, प्रधान व एकापासून दहापर्यंतचीं पानें. छापील पत्ते स्वस्त झाले आणि सावंतवाडीची ही विद्या अस्तास जाऊं लागली. १९७० च्या सुमारास शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं तिला राजवाड्यांत पुनः आश्रय दिला.

तेथें वृद्ध वडिलांसह एक दिवस घालविला. रेघांच्या नाजुकपणापेक्षां त्यांस डावाचीच आठवण अधिक झाली. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हातीं त्याची उतारी, रात्रीं कृष्णाचा. निम्म्या रंगांत दहाचें पान थोर, निम्म्यांत एकाचें : हें ते सांगूं लागले, तेव्हां एक तरुण कारागीर कुंचला खालीं ठेवून ऐकत राहिला.

राजाश्रयानें चित्र वांचलें, हें खरेंच. परंतु खेळ खेळणाऱ्यांच्या स्मृतींतच नांदतो. तो कपाटांत ठेवतां येत नाहीं. घरोघरच्या वृद्धांपाशीं बसून एक तरी डाव मांडला पाहिजे. एरव्हीं नातवंडांच्या हातीं पानें येतील, डाव येणार नाहीं.