डोकं उडवलेले ओक

ऑनसाइटला आल्यावर पहिले तीन वीकएंड झोप काढणं, कपडे धुणं आणि घरी फोन करणं यातच जातात. चौथ्या शनिवारी मात्र टीममधल्या एकाने गाडी काढली आणि आम्ही चौघं लेस्टरच्या जवळच असलेल्या ब्रॅडगेट पार्कात जाऊन थडकलो. पार्क म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे हिरवळ, कारंजं आणि गेटबाहेर भेळवाला असं चित्र होतं. इथे प्रत्यक्षात आठशेहून जास्त एकरांचं माळरान निघालं. मोठमोठे खडक, गुडघ्याएवढे नेचे, एक अगदी छोटी नदी, मध्येच लाल विटांच्या घराचे पडके अवशेष, आणि आपल्याकडे ढुंकूनही न बघणारी हरणं.

आणि ओकची झाडं. पण कशी? चार जणांनी मिळूनही कवेत येणार नाहीत असे बुंधे, आणि वरती डोकंच नाही! कोणीतरी दोन-अडीच पुरुष उंचीवर कापून टाकल्यासारखी. मित्राने गोष्ट सांगितली. त्या पडक्या घरात लेडी जेन ग्रे राहायची. १५५३ च्या जुलैमध्ये तिला इंग्लंडची राणी केलं, नऊ दिवसांत उतरवलं आणि १२ फेब्रुवारी १५५४ ला तिचं डोकं उडवलं. वय सोळा-सतरा. ही बातमी कळल्यावर इथल्या वनरक्षकांनी दुःखाने सगळ्या ओकची डोकी उडवली.

मी जाम भारावून गेलो. रात्री आईला फोनवर ही गोष्ट अगदी रंगवून सांगितली. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग आई म्हणाली, "अरे, पण आपल्या शेवग्याचं डोकं बाबा दरवर्षी उडवतात. ते कोण मेलं म्हणून?"

संपलं. रविवार गेला वाचनात. :-)

तर मंडळी, आईचं बरोबर आहे. पाला खाणारी जनावरं जिथे असतात तिथे झाड जमिनीलगत तोडलं तर नवीन फुटवे हरणंच फस्त करणार. म्हणून हरणाचं तोंड पोचणार नाही एवढ्या उंचीवर झाड छाटायचं, की वरून नवीन फांद्या फुटतात, दर काही वर्षांनी जळण आणि कुंपणाला लाकूड मिळतं, आणि झाड मरत तर नाहीच, उलट जास्त जगतं. असे छाटलेले ओक इंग्लंडभर जुन्या पार्कांत आणि गायरानांत आहेत, जिथे कुठल्याही राणीचा संबंध नाही. त्या झाडांना डोकं नाही याचं कारण जेन नाही, हरणं आहेत. आणि हरणं तिथे का आहेत, हा खरा प्रश्न.

त्यासाठी १०६६ पर्यंत मागे जावं लागतं. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि येताना शिकारीचं वेडही आणलं. अंगावर पांढरे ठिपके असलेलं फॅलो जातीचं हरीण मूळचं इंग्लंडचं नाहीच. रोमन काळात थोडं आलं होतं, पण ते टिकलं नाही. आज दिसतात त्यांचे पूर्वज नॉर्मनांच्या नंतर आले. हे हरीण अंगाने आटोपशीर, कळपात राहणारं आणि बेताच्या चाऱ्यावर भागवणारं. म्हणजे कुंपणात ठेवायला एकदम फिट.

इथे एक गोंधळ दूर करतो, कारण माझाही झाला होता. त्या काळी 'फॉरेस्ट' म्हणजे दाट झाडी नव्हे. जिथे राजाचा शिकारीचा कायदा चालतो तो प्रदेश म्हणजे फॉरेस्ट, मग त्यात गावं असोत की शेतं. आणि 'पार्क' म्हणजे कुंपण घातलेली जागा. बस्स. आपल्याकडे याला जुना शब्द आहे, रमणा. पर्वतीच्या पायथ्याचा रमणा आपल्याला दक्षिणा वाटण्यामुळे माहीत आहे, पण शब्दाचा मूळ अर्थ राखलेलं शिकारीचं रान असाच. १३०० च्या सुमारास इंग्लंडात असे सुमारे तीन हजार रमणे होते. एवढ्याशा देशात!

कुंपणाची रचना बघून माझ्यातला इंजिनियर खूश झाला. बाहेरून मातीचा बांध, त्यावर चिरलेल्या ओकच्या फळ्यांचं कुंपण, आणि आतल्या बाजूला खंदक. म्हणजे आतून उडी मारायला गेलेल्या हरणाला कुंपण दुप्पट उंच. पार्कांचे कोपरे बहुतेक गोलसर ठेवायचे, कारण कमी कुंपणात जास्त क्षेत्रफळ बसतं. (नववीची भूमिती शेवटी कुठेतरी कामी आली.) पण सगळ्यात भारी आयडिया म्हणजे हरण-उडी. एके ठिकाणी कुंपण असं करायचं की बाहेरचं हरीण सहज उडी मारून आत येईल, पण आत खोल खंदक असल्याने बाहेर जाऊ शकणार नाही. इनकमिंग चालू, आउटगोइंग बंद. शेजारचं रान राजाचं असलं तर हा उघड उघड राजाच्या हरणांवर डल्ला, म्हणून त्याला राजाची परवानगी लागायची.

ब्रॅडगेटचा पहिला उल्लेख १२४१ चा आहे. मालक रॉजर द क्विन्सी, विंचेस्टरचा अर्ल. शेजारी दुसरा एक रॉजर, द सोमरी. दोघांत शिकारीवरून वाद आणि मग लेखी करार. सोमरीने बाहेरच्या रानात नऊ धनुष्यं आणि सहा कुत्री घेऊन शिकार करायची. त्याने बाण मारलेलं जनावर उडीवरून पार्कात शिरलं, तर त्याचा एखाद-दुसरा माणूस कुत्र्यांसह आत जाऊ शकतो, पण धनुष्यबाण बाहेर ठेवून! आणि ते जनावर त्याच दिवशी धरायचं, बाकीच्यांना हात लावायचा नाही. आमच्या क्लायंटच्या करारात एवढी स्पष्ट कलमं असती तर माझे कित्येक शनिवार वाचले असते. असो.

हे झालं दोन बड्यांचं. ज्यांच्याशी कुणी करार केला नाही त्यांचं काय? पार्क काही रिकाम्या जागेवर होत नव्हता. बऱ्याचदा तिथे गावाची गुरं चरायची, लोक सरपण गोळा करायचे. १२३५ च्या मर्टनच्या कायद्याने जमीनदारांना मोकळीक दिली की कुळांना 'पुरेसं' कुरण ठेवलं तर उरलेलं कुंपणात घ्या. पुरेसं म्हणजे किती, हे भांडण ज्याच्याकडे वकील त्यानेच जिंकायचं. त्याच वेळी जमीनदारांनी अशीही मागणी केली होती की पार्कात चोरून शिकार करणाऱ्यांसाठी आम्हाला स्वतःचे तुरुंग हवेत. राजाने ती फेटाळली. पण १२७५ मध्ये कायदा आलाच: पार्कात घुसखोरी सिद्ध झाली तर तीन वर्षं कैद आणि वर दंड. १३९० मध्ये तर वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन नसलेल्या सामान्य माणसाला शिकारी कुत्रा पाळायलाही बंदी झाली. आणि गंमत म्हणजे कुंपणाच्या ठरलेल्या तुकड्याची दुरुस्ती बऱ्याच ठिकाणी गावकऱ्यांच्याच गळ्यात असायची.

एवढं सगळं कशासाठी? मांसासाठी म्हणावं तर हरणाचं मांस उघडपणे बाजारात विकलं जात नसे. ते मेजवानीत वाढायचं किंवा भेट द्यायचं. पैशाने मिळत नाही म्हणूनच त्याची किंमत. १२५१ च्या नाताळात यॉर्कला तिसऱ्या हेन्रीने मुलीचं लग्न स्कॉटलंडच्या राजाशी लावलं, तेव्हा आठशेहून जास्त हरणं मागवली होती. आपल्याकडच्या लग्नातला थाट यापुढे काहीच नाही. हे सगळं सांभाळणारा पगारी माणूस म्हणजे पार्कर. हो, तेच आडनाव. पार्कर पेन आणि पीटर पार्कर, दोघांचे मूळपुरुष कुठेतरी कुंपणावर पहारा देत असणार.

पुढचं पटकन सांगतो. प्लेगनंतर मजूर महाग झाले आणि पुष्कळ पार्क मोडले. ब्रॅडगेट टिकला. लग्नांमधून तो फेरर्स आणि मग ग्रे घराण्याकडे गेला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस थॉमस ग्रेने इथे विटांचं मोठं घर बांधायला काढलं आणि त्याच्या मुलाने ते पूर्ण केलं. किल्ला नाही, खंदकाच्या आतली गढी नाही, तर आरामात राहायचं घर, आणि खिडकीतून दिसणारी आपली हरणं. जेन या घराण्यातली.

शेवटी १९२८ मध्ये चार्ल्स बेनियन नावाच्या, चपला-बुटांची मशिनरी बनवणाऱ्या कंपनीतल्या उद्योजकाने हा पार्क विकत घेतला आणि लेस्टरशायरच्या लोकांना देऊन टाकला. ज्या कुंपणात शिरल्याबद्दल तीन वर्षं आत गेलो असतो, तिथे आता चालत जायला तिकीट नाही. पैसे फक्त गाडीचे. पार्कात आता पार्किंगलाच तेवढा कायदा लागू.

रविवारी रात्री आईला परत फोन केला आणि कबूल केलं, की तुझा शेवगा बरोबर. मग ती म्हणाली, "आणि ती मुलगी? ती तरी खरी का?"

खरी. १५५० मध्ये रॉजर ॲस्कम नावाचा विद्वान ब्रॅडगेटला निरोप घ्यायला आला होता. आईवडील, पाहुणे, नोकरचाकर सगळे पार्कात शिकारीला गेलेले. जेन एकटी खोलीत बसून प्लेटो वाचत होती, तोही मूळ ग्रीकमध्ये. ॲस्कमने विचारलं, तू का नाही गेलीस? तिने सांगितलं, की या वाचनात जी मजा आहे तिच्यापुढे पार्कातली मजा म्हणजे नुसती सावली. मग तिने मन मोकळं केलं. आईवडिलांसमोर बसणं, बोलणं, शिवणं, नाचणं काहीही जरा चुकलं की टोमणे आणि चिमटे. मास्तर मात्र इतक्या प्रेमाने शिकवतात की त्यांच्याजवळ वेळ कसा जातो कळत नाही. ॲस्कमने हे नंतर आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं. ते छापून आलं १५७० मध्ये, तेव्हा ती जाऊन सोळा वर्षं झाली होती, आणि ॲस्कमही दोन वर्षांपूर्वी गेला होता.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "केवढी होती रे तेव्हा?"

"तेरा-चौदाची."

"आणि तिला घरी ठेवून सगळे हरणांमागे गेले?"