अंकोरच्या भगिनी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी परदेशातील एका प्राचीन स्थळाविषयी लिहा, असा आग्रह झाला. राजांच्या लढाया व देवळाची मोजमापे पुस्तकांत पुष्कळ सापडतात. मला विशेष सांगावयाचे आहे ते तेथील बायकांविषयी.

कंबोडिया देशातील अंकोर येथे मी 2023 च्या डिसेंबरात माझ्या बालमैत्रिणीबरोबर गेले होते. आम्ही दोघी सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे माझी शाळा सुटली. ती शिकून शिक्षिका झाली. चार वर्षे दोघींनी भिशी धरली आणि त्या पैशांत हा प्रवास घडला. तिने वाचून दाखवावे आणि मी वहीत टिपून घ्यावे, असा आमचा क्रम असे.

अंकोर वाट हे मूळचे विष्णूचे मंदिर. राजा दुसरा सूर्यवर्मन याने ते बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधावयास घेतले. भोवती 190 मीटर रुंदीचा पाण्याने भरलेला खंदक आहे आणि मधले शिखर जमिनीपासून 65 मीटर उंच आहे. बहुतेक देवळे पूर्वाभिमुख असतात. हे मात्र पश्चिमेकडे तोंड करून उभे आहे. पुढे येथे बुद्धाची उपासना सुरू झाली, ती आजही चालू आहे. ओवऱ्यांच्या भिंतींवर शरपंजरी पडलेले भीष्म, लंकेचे युद्ध, समुद्रमंथन हे सारे कोरले आहे. एकट्या समुद्रमंथनाचाच पट सुमारे 49 मीटर लांब आहे. इतक्या दूर देशी आपल्या ओळखीची माणसे भिंतीवर भेटली, की मन भरून येते! आपल्या सरकारच्या पुरातत्त्व खात्यानेही 1986 ते 1993 या काळात या मंदिराच्या दुरुस्तीचे काम केले आहे.

याच भिंतींवर सुमारे 1800 स्त्रीमूर्ती उभ्या आहेत. त्यांना तेथे देवता म्हणतात. कोणाच्या हाती फूल, कोणाचा हात मैत्रिणीच्या खांद्यावर. केशरचना तर इतक्या तऱ्हांच्या, की पाहाता पाहाता मान अवघडते. सॅफो मार्शल या फ्रेंच स्त्रीने त्यांची वस्त्रे, दागिने व केशभूषा यांचा अभ्यास करून 1927 साली पुस्तक प्रसिद्ध केले. पण या मूर्तींतील एकीचेही नाव कोणास ठाऊक नाही.

मग सामान्य बायका काय करीत होत्या? 1296 साली चीनच्या वकिलातीबरोबर झोऊ दागुआन नावाचा गृहस्थ येथे आला व सुमारे वर्षभर राहिला. त्याने लिहून ठेवले आहे, की या देशात व्यापार बायकाच करतात. सकाळी बाजार भरे व दुपारपर्यंत उठे. दुकाने नव्हती, जमिनीवर चटई अंथरून माल मांडीत आणि जागेचे भाडे सरकारला भरीत. जवळच्या बायोन मंदिराच्या भिंतीवर असाच बाजार कोरलेला आहे. त्यात मासळी विकणाऱ्या बायका पाहून आपल्या मंडईची आठवण झाल्याखेरीज राहात नाही.

नावानिशी आपल्यापर्यंत पोचलेली एक स्त्री म्हणजे राणी इंद्रादेवी. राजा सातवा जयवर्मन (राज्यारोहण 1181) याची पहिली राणी जयराजदेवी ही इंद्रादेवीची धाकटी बहीण. राजा चंपा देशाच्या मोहिमेवर गेला असता धाकटी विरहाने खंगत चालली. तेव्हा थोरलीने तिला बुद्धाचा उपदेश शिकवून सावरले. धाकटीच्या निधनानंतर राजाने इंद्रादेवीशी विवाह केला. ती मोठी विदुषी होती व विहारात स्त्रियांना शिकवीत असे. बहिणीची ही सारी हकीकत तिने स्वतः संस्कृत पद्यात रचली, आणि तो शिलालेख फिमेआनाकास मंदिरापाशी सापडला. हे ऐकून माझी मैत्रीण म्हणाली, “अगं, ही तर आमच्यातली, मास्तरीणबाई!” मी म्हटले, “आणि तिची धाकटी बहीण माझ्यासारखी.” मग आम्ही दोघीही थोडा वेळ गप्प बसलो.

याच जयवर्मनाने 1186 साली आपल्या आईच्या स्मरणार्थ ता प्रोह्म हा विहार बांधला व प्रज्ञापारमितेच्या, म्हणजे ज्ञानदेवतेच्या रूपात आईची मूर्ती स्थापिली. तेथील शिलालेखात 615 नर्तकींचा आणि राज्यातील 102 आरोग्यशालांचा उल्लेख आहे. आज त्या भिंतींना प्रचंड वृक्षांच्या मुळ्यांनी विळखा घातला आहे.

नर्तकींची कथा मात्र तेथे संपत नाही. गेल्या शतकात राणी कोस्सामाक हिने अंकोरच्या शिल्पांवरून अप्सरानृत्य बसविले व आपली नात बुप्पा देवी हिला दिले. पुढे 1975 ते 1979 या काळात ख्मेर रूज राजवटीत लाखो माणसे मेली. राजदरबारातील बहुतेक नर्तक-नर्तकी त्यांत गेल्या. ज्या मोजक्या वाचल्या त्यांनी मुलींना गोळा करून आठवतील तशा मुद्रा पुन्हा शिकविल्या. परदेशी गेलेली बुप्पा देवी परतून या कामी झटली. 2003 साली युनेस्कोने या नृत्याचा गौरव केला. दगडात मुद्रा टिकते. पण एका मुद्रेतून दुसरीत हात कसा न्यावा, हे दगड सांगत नाही. ते शिकविणारी बाईच लागते.

भगिनींनो, आपल्यापैकी कोणास ओव्या येतात, कोणास भरतकाम, कोणास चोख हिशेब. वर्धापनदिनाच्या निमित्ताने प्रत्येकीने आपली विद्या निदान एका मुलीच्या हाती सोपवावी, एवढीच माझी विनंती.