श्लेषपुटी (बर्सा)

हाडाच्या उंचवट्यावरून कंडरा, स्नायू किंवा कातडी जिथे सतत घासली जाते, तिथे त्यांच्यामध्ये असलेली चपटी, पातळ अस्तराची पिशवी म्हणजे श्लेषपुटी. दवाखान्यात तिला बर्सा म्हणतात. माणसाच्या शरीरात अशा दीडशेहून अधिक पिशव्या असतात. निरोगी पिशवीत चिकट द्रवाचा जेमतेम एक थर असतो आणि तिच्या दोन्ही भिंती त्यावर एकमेकींवरून सरकतात. अशी पिशवी हाताला लागत नाही, साध्या एक्स-रेतही दिसत नाही. अस्तराचा दाह झाला की द्रव वाढतो, पिशवी फुगते आणि दुखू लागते. या दाहाला बर्सायटिस म्हणतात.

सांधे श्लेष्म्यामुळे, म्हणजे कफामुळे, नीट चालतात हे सुश्रुतसंहितेने वंगण घातलेल्या आसावर फिरणाऱ्या चाकाच्या दाखल्याने सांगितले आहे. आयुर्वेदात सांध्यांतील कफाला श्लेषक कफ असे नावच आहे. या पिशव्यांचे स्वतंत्र, सचित्र वर्णन मात्र एडिंबरोचे शरीररचनाशास्त्रज्ञ अलेक्झांडर मन्रो (दुसरे) यांनी 1788 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

काही पिशव्या जन्मापासून असतात, तर काही पुढे तयार होतात. कोपराच्या टोकावरची पिशवी नवजात बाळाला नसते. ती बालपणी बनते. मोठेपणीही एखाद्या जागी वर्षानुवर्षे दाब किंवा घर्षण होत राहिले तर कातडीखालच्या ऊतींत नवी पिशवी धरते. म्हणूनच हा विषय केवळ शरीररचनेच्या पुस्तकाचा नाही. माणूस कोणते काम करतो आणि ते कसा बसून करतो, हे त्याच्या श्लेषपुट्यांवरून बरेचसे कळते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत अंगमेहनतीची कामे इतक्या तऱ्हेची आहेत की जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या श्लेषपुटीला इथे तिचे काम सापडते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण उदगीरचे आहे. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीकडे राष्ट्रध्वज तयार होतो आणि त्यासाठी लागणारी खादी लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या केंद्रात हातमागावर विणली जाते. विणकर तासन्‌तास कठीण बैठकीवर बसतो, पाय पावड्यांवर चालतात आणि अंगाचा भार बैठकीच्या दोन हाडांवर पडतो. या हाडांवरच्या पिशवीचा दाह इंग्लंडात विणकरांचाच आजार म्हणून ओळखला गेला. बसले की कळ येते, उभे राहिले की उतार पडतो, ही त्याची खूण. दुखणे कधी मांडीच्या मागून खाली उतरते, मग ती कंबरेची नस समजून भलतेच उपचार चालू राहतात. बैठकीवर जाड गादी आणि मधूनमधून उठणे यांचा इथे गोळीपेक्षा जास्त उपयोग होतो. ध्वजाच्या सुताचा दर्जा ठरवणारे काटेकोर नियम आहेत. विणणाऱ्याच्या बैठकीचीही तितकीच काळजी घेतली जायला हवी.

नांदेडच्या मोंढ्यात आणि लातूरच्या आडत बाजारात तूर, सोयाबीन, हळदीची पोती वाहणाऱ्या हमालाचा भार मान आणि खांद्यावर असतो. पोती वाहणाऱ्यांच्या मानेच्या बुडाशी किंवा खांद्यावर कातडीखाली अशी नवी पिशवी तयार होऊ शकते. खांद्याच्या आत, वरच्या हाडाखाली शरीरातील मोठ्या श्लेषपुट्यांपैकी एक असते. तिचा दाह झाला की हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात, साधारण 60 ते 120 अंशांच्या दरम्यान, कळ मारते.

फरशी बसवणारा गवंडी गुडघे टेकून काम करतो. त्याच्या गुडघ्याच्या वाटीवरची पिशवी सुजते. मांडी घालून बसणाऱ्या शिंप्याच्या किंवा भजनी मंडळातल्या माणसाच्या घोट्याच्या बाहेरच्या हाडावर गाठ येते. लातूरच्या अभ्यासिकांतून टेबलावर कोपरे टेकून बसणाऱ्या मुलांना कोपरावरच्या पिशवीचा त्रास होऊ शकतो. या दुखण्याला इंग्रजीत विद्यार्थ्याचे नाव मिळाले आहे.

‘गुडघ्यात पाणी झालंय’ हे वाक्य या भागात घरोघरी ऐकू येते. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. पाणी सांध्याच्या आत असेल तर वाटीच्या दोन्ही बाजू आणि वरचा भाग भरून येतो आणि गुडघा पूर्ण सरळ करणे किंवा वाकवणे जड जाते. पाणी वाटीपुढच्या पिशवीत असेल तर सूज समोर, थेट वाटीवरच येते. सांधा बऱ्यापैकी चालतो, पूर्ण मुडपताना मात्र कातडी ताणली जाऊन दुखतो. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या जरा खाली बोट ठेवल्यावर दुखणारी पिशवी तिसरीच. झिजलेल्या गुडघ्याच्या, वजन जास्त असलेल्या आणि मधुमेही बायकांत ती अधिक आढळते. जिना चढताना ती जाणवते आणि सगळा दोष झिजेवर जातो. गुडघ्यामागची मऊ गाठही बहुधा अशीच एक पिशवी असते, पण ती सांध्याला जोडलेली असते. त्यामुळे सांध्याचा मूळ आजार बरा न केल्यास ती पुन्हा भरते.

दाहाची कारणे दाब आणि मार यांपुरती नाहीत. गाऊट, संधिवात आणि आपल्याकडे क्वचित क्षयरोग हीही कारणे असतात. खुब्याच्या बाहेरच्या पिशवीला क्षय होतो हे डॉक्टरांनी ध्यानात ठेवावे लागते. साध्या दाहाला विश्रांती, थंड शेक, दाब टाळणे आणि वेदनाशामक औषध पुरते. द्रव सुईने काढतात तो मुख्यतः तपासण्यासाठी. नुसता काढून टाकला आणि माणूस पुन्हा त्याच फरशीवर गुडघे टेकून बसला, तर तो पुन्हा भरतो. जंतुसंसर्गाची शक्यता असताना स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊ नये.

कोपर आणि वाटी यांवरच्या पिशव्या कातडीला लागूनच असल्याने खरचटलेल्या जागेतून जंतू आत शिरतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. भाग लाल, गरम होऊन ताप आला तर चोळणे, लेप, सुई टोचून पाणी काढणे हे सगळे सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था इथे अस्थिरोग विभाग आहेत.

जनावरांनाही श्लेषपुट्या असतात. कंधारची लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातील देवणी हे या भागाचे दोन नावाजलेले गोवंश. पोळ्याच्या आदल्या दिवशी होणाऱ्या खांदेमळणीत जुवाखाली रगडलेल्या खांद्याला हळद आणि तूप किंवा लोणी चोळतात. वर्षभराच्या ओझ्याची ती रास्त दखल आहे. गुरांच्या पुढच्या गुडघ्यावर येणारी मऊ, पाण्याने भरलेली गाठ मात्र वेगळे लक्ष देण्याजोगी आहे. ती कठीण जमिनीवर बसण्या-उठण्याने येते, तशी ब्रुसेल्लोसिसनेही येते, आणि तसे असेल तर त्या पाण्यात जंतू असतात. हा रोग माणसालाही होतो. त्यात ताप आणि सांधेदुखी रेंगाळते. अशी गाठ गोठ्यात उघड्या हाताने फोडू नका, पशुवैद्यकाकडून रक्ततपासणी करून घ्या आणि दूध उकळूनच वापरा.