फोन ठेवला की तारे कोण मागतं?

लासूर स्टेशनहून आम्ही बोलतोय.

गटाची बैठक संपत आली होती. आमच्या गटातल्या एका मावशींची लेक पुण्याला असते, तिचा व्हिडिओ कॉल आला. नातवाला बघायला सगळ्या जणी फोनभोवती गोळा झाल्या. कॉल संपला आणि पडद्यावर पाच रिकामे तारे आले. कॉल कसा वाटला, असा प्रश्न. मावशींनी फोन हातभर लांब धरला आणि म्हणाल्या, "हे कोण इचारतंय? आमचं बोलणं कोणी ऐकत व्हतं का?"

आम्ही सगळ्या हसलो. घरी गेल्यावर मात्र वाटलं, की एवढी वर्षं आम्ही ते तारे दाबतोय आणि हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. उत्तर शोधताना बरंच मागे जावं लागलं.

आपलं गाव रेल्वेमुळे वाढलेलं. निजामाच्या राज्यात मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. रेल्वे आली तिथे तारयंत्रही आलं. तारेतला निरोप आधी तारबाबू वाचणार, मग तो घरी पोचणार. आजारपणाची बातमी घरच्यांआधी परक्याला कळायची. पुढे फोन आले, तरी ट्रंक कॉल जोडून द्यायला मध्ये ऑपरेटर असायचाच. त्याच्या कानाला झाकण नव्हतं.

इंग्रजांनी १८८५ साली टेलिग्राफचा कायदा केला. आणीबाणीच्या वेळी किंवा सुरक्षेच्या कारणानं निरोप अडवायचा, वाचायचा अधिकार त्यात सरकारला होता. स्वातंत्र्यानंतरही तो कायदा चालूच राहिला. फोनवरचं बोलणं हा माणसाच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, ते चोरून ऐकायचं तर ठरलेली रीत पाळावीच लागेल, हे सुप्रीम कोर्टानं १९९६ साली पीयूसीएलच्या खटल्यात सांगितलं.

१९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली आणि त्यानंतरच्या काळात गावोगाव पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ झाले. आम्ही शाळेत असताना रात्री दर उतरला की बूथवर रांग लागायची. काचेची खोली, आत स्टूल, वर लाल आकडे पळताना दिसायचे. सासरी गेलेली मुलगी दार घट्ट ओढून घ्यायची आणि माहेरी बोलताना रडून घ्यायची. बाहेरच्यांना ती रडताना दिसायची, पण शब्द ऐकू यायचे नाहीत. तेवढा आडोसा आम्हाला फार वाटायचा. आणि बाहेर आल्यावर बूथवाला पैसे घ्यायचा. आवाज कसा आला, हे विचारायचा नाही.

मग विचारायची पद्धत आली कुठून? ती फोनच्या इंजिनिअर लोकांची. लाइन चांगली की वाईट हे यंत्रानं कळतं, पण कानाला कसं वाटलं हे माणूसच सांगणार. म्हणून ते माणसांना शांत खोलीत बसवून आवाज ऐकवायचे आणि पाचपैकी गुण द्यायला लावायचे. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे वाईट. १९९६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं या रीतीचे नियम लिहून काढले. त्या खोलीत बसणारा माणूस बोलावल्यावर आलेला असायचा. आपण कशासाठी आलोय, हे त्याला माहीत असायचं.

२००३ साली स्काईप आलं. २०१५ मध्ये व्हॉट्सॲपवरून बोलता येऊ लागलं, २०१६ मध्ये एकमेकांना बघताही येऊ लागलं. इंटरनेटच्या कॉलमध्ये आवाजाचे बारीक तुकडे होतात आणि ते पलीकडे गेल्यावर पुन्हा जोडले जातात. रेंज गेली की काही तुकडे उशिरा पोचतात, काही वाटेतच पडतात. तुमचा फोन कसला, रेंज किती, घर पत्र्याचं की स्लॅबचं, यावर सगळं अवलंबून. इतक्या तऱ्हा एका खोलीत कोण बसवणार? म्हणून कंपन्यांनी तारे थेट आपल्या पडद्यावर आणले. गरज खरी आहे, हे आम्ही मान्य करतो. फक्त आता आपल्याला कोणी बोलावत नाही, आपणच त्या खोलीत बसलेलो असतो.

सरकारनंही असंच विचारून पाहिलं आहे. कॉल मध्येच तुटतात म्हणून ओरड झाली, तेव्हा डिसेंबर २०१६ मध्ये दूरसंचार खात्यानं १९५५ या क्रमांकावरून लोकांना आपणहून फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या टप्प्यात मुंबई आणि गोवा होते. पुढल्या वर्षी ट्रायनं 'मायकॉल' नावाचं ॲप काढलं. कॉल संपला की तारे द्यायचे, आवाज तुटला का तेही सांगायचं. पण ते ज्याला हवं त्यानं स्वतः घ्यायचं होतं, आणि किती वेळा विचारावं हेही त्यालाच ठरवता येत होतं. आम्हाला हा फरक मोठा वाटतो.

मावशींना आम्ही पुढच्या बैठकीत सांगितलं, की तारे आले म्हणून कोणी ऐकलं असं होत नाही. व्हॉट्सॲपनं एप्रिल २०१६ पासून बोलण्याला आणि निरोपाला कुलूप लावलंय, त्याची किल्ली दोन्ही टोकांच्या फोनमध्येच असते. पण बंद पाकिटावरही पत्ता असतो. कोणी, कोणाला, कधी फोन केला, ही माहिती त्या पत्त्यासारखी. ती बोलण्यापेक्षा वेगळी आणि कंपनीला दिसू शकते.

साध्या दिसणाऱ्या प्रश्नांतून किती जातं, हे २०१८ साली सगळ्या जगाला कळलं. फेसबुकवर तुमचा स्वभाव ओळखा अशी एक प्रश्नावली होती. ती भरणाऱ्याबरोबर त्याच्या मित्रांचीही माहिती गेली आणि केंब्रिज ॲनालिटिका या निवडणुकीची कामं करणाऱ्या कंपनीच्या हाती पडली. फेसबुकनंच आकडा दिला. भारतात ते ॲप घेणारे ३३५ जण होते, आणि ज्यांची माहिती गेली असू शकते असे सुमारे ५ लाख ६२ हजार. एका बाईनं बटण दाबलं तर अख्ख्या गटाचं काय होऊ शकतं, याचा हिशेब आपल्या बायकांना समजावून सांगावा लागत नाही. एकीचा हप्ता चुकला की सगळ्यांना बोलणी बसतात, हे त्या रोज बघतात.

आमच्याकडेही एकदा थोडक्यात वाचलो. एका ऑनलाइन प्रशिक्षणानंतर गटाच्या सचिव ताईंना लिंक आली. प्रशिक्षण कसं वाटलं ते सांगा, रिचार्ज मिळवा. पहिले दोन प्रश्न ताऱ्यांचे, तिसरा बँकेचा, चौथा ओटीपीचा. त्यांचा मुलगा शेजारी बसला होता म्हणून हात थांबला. त्या मोबाइलवर गटाच्या खात्याचे मेसेज येतात. पैसे गेलेच असते तर लगेच १९३० ला फोन करायचा असतो, हेही आम्हाला त्यानंतर कळलं.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा झाला. माहिती कशासाठी हवी ते आधी सांगायचं, ते मराठीतही वाचायला मिळालं पाहिजे, आणि दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे, असं त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण लागू टप्प्याटप्प्यानं व्हायचे आहेत.

हे सगळं आम्ही बैठकीत सांगत होतो, तेवढ्यात मावशींनी विचारलं, "मंग तुम्ही आमचं आधार आन् पासबुक गुरुपवर टाकायला का सांगता?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. कर्जाचा प्रस्ताव घाईत करायचा होता म्हणून सगळ्यांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवले होते, कशासाठी ते न सांगता. त्याच दिवशी आम्ही ते फोटो काढायला लावले. झेरॉक्स आता कपाटात आहेत, किल्ली अध्यक्षांकडे. पण ग्रुपवरून फोटो काढले तरी ज्यांच्या गॅलरीत उतरले, तिथून ते गेलेले नाहीत. निम्म्या जणींनी पुसले. बाकीच्यांचे फोन येत्या बैठकीत एकेक करून बघायचं ठरलंय.