मेट्रनचे मूल

'मेट्रन' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'माता' या अर्थाचा शब्द आहे. 'नर्स' या शब्दाची व्युत्पत्तीही पोषण करण्यापाशी, अंगावर पाजण्यापाशी जाऊन पोहोचते. आपल्याकडे 'दाई' म्हणजे बाळंतपण करणारी, आणि दुसऱ्याच्या मुलाला दूध पाजणारीही. त्या दाईच्या स्वतःच्या मुलाचे काय होत असे, याचे उत्तर कोशात सापडत नाही. गंमत अशी, की मातृत्वाची एवढी खूण भाषेत बाळगणाऱ्या या व्यवसायाची आधुनिक घडी बसली ती परिचारिकेला मूल नाही असे गृहीत धरून. 'सिस्टर' हे संबोधन ख्रिस्ती धर्मसंघांतल्या व्रतस्थ स्त्रियांकडून रुग्णालयात आले, आणि त्या व्रतस्थपणाची छाया व्यवसायावर पुढे दीर्घकाळ राहिली.

ही घडी बसवण्याचे श्रेय सहसा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना दिले जाते. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाचे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले, परंतु ते चालवले मिसेस वॉर्ड्रोपर यांनी. १८५४ ते १८८७ अशी तेहतीस वर्षे त्या त्या रुग्णालयाच्या मेट्रन होत्या. बेचाळिसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरी लहान मुले, आणि रुग्णालयातील कामाचे कसलेही शिक्षण नाही, अशा स्थितीत त्या या कामात उतरल्या. १८९२ साली त्यांच्या निधनानंतर नाइटिंगेल यांनी लिहिलेल्या लेखातच ही हकीकत आहे. म्हणजे ज्या विद्यालयाच्या नमुन्यावर पुढे जगभर परिचारिका घडल्या, त्याची पहिली प्रमुख ही एकटीने मुले सांभाळणारी आई होती.

आणि विद्यालयाची रचना? उमेदवार स्त्रीने वर्षभर रुग्णालयाच्या आवारातच राहायचे, निवासस्थानाच्या शिस्तीत उठायचे नि झोपायचे. भोजन, निवास, गणवेश आणि वर्षाला दहा पौंड. विधवेला मज्जाव नव्हता. मज्जाव होता असे कोठे लिहावेच लागले नाही. त्या निवासस्थानात मुलाला जागा नव्हती, एवढे पुरेसे होते. मिसेस वॉर्ड्रोपर यांच्यासारखी स्त्री मुले घेऊन त्यांच्याच विद्यालयाच्या दारात उभी राहिली असती, तर तिला मुले कोठेतरी ठेवून यावे लागले असते. यात कोणाच्या दुष्टाव्यापेक्षा व्यवस्थेचे सोयीस्कर विस्मरण अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

हाच नमुना आपल्याकडे आला, तेव्हा त्याची गाठ वेगळ्याच प्रश्नाशी पडली. २ ऑक्टोबर १९०९ रोजी रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात सेवासदन सुरू झाले, आणि ससून रुग्णालयात परिचर्या शिकणाऱ्या स्त्रियांना त्याने आसरा दिला. परक्यांच्या, त्यातही परक्या पुरुषांच्या, मलमूत्राला हात लावण्याचे हे काम पांढरपेशा घरांना हलके वाटे. ते करायला पुढे येण्याजोगी स्त्री म्हणजे विधवा, कारण तिला गमावण्यासारखे समाजाने फारसे ठेवलेच नव्हते. सेवासदनाच्या एका समारंभात पारितोषिक घ्यायला आलेल्या केशवपन केलेल्या विधवेची कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली, आणि रमाबाईंनी व्यासपीठावरून त्यांच्या सुशिक्षितपणाची लाज काढली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. विधवेच्या स्वावलंबनाचा तो सगळा झगडा खराच थोर होता. मात्र त्यात 'विधवा' म्हटले की डोळ्यांसमोर येते ती बालविधवा, एकटी. कडेवर मूल असलेली विधवा त्या चित्रात क्वचित दिसते.

ती नव्हती असे थोडेच आहे? पार्वतीबाई आठवले मुलगा पदरी असताना विधवा झाल्या. त्यांच्या भगिनी आनंदीबाई या धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी. हिंगण्याच्या संस्थेसाठी पार्वतीबाईंनी गावोगाव आणि पुढे थेट अमेरिकेपर्यंत वर्गणीसाठी पायपीट केली, ती बहिणीच्या संसाराचा आधार होता म्हणून शक्य झाली. पंडिता रमाबाई १८८२ साली विधवा झाल्या तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढच्याच वर्षी त्या लेकीला घेऊन वैद्यक शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्याने वैद्यक राहून गेले. लेक मात्र बरोबर होती. आमच्या मते रमाबाईंच्या धाडसाची चर्चा करताना धर्मांतराविषयी जितके लिहिले गेले, त्याच्या दशांशही या सोबत असलेल्या मुलीविषयी लिहिले गेले नाही.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो, कारण सांगण्याजोगे घडलेच थोडे. भोर समितीने १९४६ साली देशात सुमारे ७,००० परिचारिका असल्याचे, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक असल्याचे नोंदवले. त्यांची निकड सर्वांना पटली. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघर गिरणी-कारखान्यांपर्यंत आणले, पण रुग्णालय हा काही कारखाना नव्हे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने कामावर परतलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईतो दिवसातून दोनदा त्याला पाजण्यासाठी सुट्टी दिली; मूल जवळपास कोठे असेल, ते मात्र तिने पाहायचे. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती झाली २०१७ साली, आणि ही तरतूद पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. केंद्र सरकारच्या स्त्री-कर्मचाऱ्यांना २००८ पासून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली, ती खाजगी शुश्रूषागृहातल्या परिचारिकेला लागू नव्हती.

बालशिक्षणाची आपल्याकडची परंपरा खरे तर मोठी. तिच्या अग्रणी ताराबाई मोडक स्वतः पतीपासून विभक्त होऊन मुलीला वाढवणाऱ्या. १९४५ साली बोर्डीला त्यांनी बालवाडीचे काम उभे केले. पण बालवाडी, १९७५ नंतरची अंगणवाडी, शहरातले पाळणाघर, सारी दिवसाची. रुग्णालयाच्या पाळ्या तीन, आणि तिसरी रात्रीची. दोन पालकांच्या घरात ती कशीबशी निभते. एकटीच्या घरात रात्रपाळी म्हणजे दार बाहेरून लावून जाणे, नाहीतर शेजार.

आमच्या लहानपणी चाळीत अशा एक सिस्टर राहत. चाळ त्यांना सिस्टरच म्हणे, त्यामुळे त्यांचे नाव आम्हांला फार उशिरा कळले. रात्रपाळीच्या आठवड्यात त्यांचा मुलगा वळकटी काखेत घेऊन आमच्याकडे झोपायला येई, आणि आई त्याचे पांघरूण आमच्याच पांघरुणांबरोबर काढून ठेवी. त्याबद्दल कोणी काही बोलत नसे. सिस्टर मात्र चाळीतल्या कोणालाही इंजेक्शन द्यायला अपरात्री उठत. सकाळी त्या परत येत, तेव्हा मुलगा दप्तर पाठीला लावून जिना उतरत असे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोघांची गाठ पडे. त्या त्याचा भांग हाताने सारखा करीत, डबा घेतलास का म्हणून विचारीत, आणि वर येऊन किल्लीसाठी आमचे दार वाजवीत.